तयार जाळीची ढाबळ: राहायला नापास, आजारपणाला पास

‘पिजन लॉफ्ट’ किंवा ‘कबुतर घर’ या नावाने ऑनलाइन आणि पाळीव प्राण्यांच्या दुकानांत जो दुमजली, घडीचा जाळीचा पिंजरा मिळतो, त्याचं हे परीक्षण आहे. नावं निरनिराळी असली तरी माल बहुतेक एकाच साच्यातला. लांबी तीन फूट, खोली दीड फूट, प्रत्येक मजल्याची उंची साधारण दीड फूट. खाली सरकता प्लास्टिकचा ट्रे, बसायला गोल प्लास्टिकच्या दांड्या, चार वाट्या. मोठा संच घेतला तर सोबत दाण्याची पिशवी, लाल ग्रिटचा (कबुतरं दाण्याबरोबर टिपतात त्या खडे-शिंपल्यांच्या चुऱ्याचा) डबा आणि ‘इमर्जन्सी’ औषधांची थैली. जाहिरातीत लिहितात की आठ-दहा पक्षी आरामात राहतात.

राहत नाहीत. निकाल आधीच सांगून टाकतो: ढाबळ म्हणून, म्हणजे कबुतरांची कायम राहायची जागा म्हणून, ही वस्तू नापास आहे. पण ज्यांच्याकडे आधीच ढाबळ आहे, किंवा संक्रांतीच्या दिवसांत मांज्याने कापलेली कबुतरं ज्यांच्या दारात येऊन पडतात, त्यांना आजारी पक्ष्याची खोली म्हणून याच्याइतकी सोयीची तयार वस्तू बाजारात दुसरी नाही. विकणाऱ्यांना मात्र याचा पत्ता नाही. थोडी बारीक जाळी, एक फळी आणि दोन मच्छरदाणीचे तुकडे लावले की ती कामाची होते, पण हे कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं.

ढाबळ म्हणून का नको, ते मापावरूनच कळतं. आपल्या साध्या कबुतराचे पंख पसरले की टोकापासून टोकापर्यंत ६२ ते ७२ सेंटिमीटर भरतात. पिंजऱ्याची खोली आहे ४५ सेंटिमीटर. म्हणजे पक्ष्याला आडवं तोंड करून दोन्ही पंख झटकताही येत नाहीत. झटकले की टोकाची पिसं तारांवर घासतात. महिन्याभरात पंखांची आणि शेपटीची टोकं झाडूसारखी फाटलेली दिसली तर कारण हेच. त्यातून एका मजल्यावर दोन जोड्या ठेवल्या की नरांची मारामारी ठरलेली. कबुतराची जोडी लागली की त्यांना स्वतःचा खण हवा आणि त्या खणात एक नव्हे, दोन कुंड्या (अंडी घालायची पसरट भांडी) हव्यात, कारण पहिली पिल्लं दोन-तीन आठवड्यांची असतानाच मादी पुढची अंडी घालायला बसते. दुसरी कुंडी नसेल तर ती त्याच पिल्लांच्या अंगाखाली अंडी घालते आणि अंडी फुटतात. तीन फुटांच्या मजल्यावर हे सगळं एका जोडीपुरतंच मावतं.

जितक्या पैशांत मोठा संच येतो, तितक्यात थोडी भर घालून गल्लीतल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून सहा फूट लांब, चार फूट रुंद आणि सहा फूट उंच असा अँगलचा सांगाडा करून घ्यावा. त्यात पाच-सहा जोड्या नीट राहतात आणि साफसफाईसाठी माणूस आत उभा राहू शकतो. वर उतरता पत्रा, पश्चिमेची आणि पावसाची बाजू बंद, पूर्वेची बाजू जाळीची. गच्चीवर असेल तर सांगाड्याचा तळ पायांवर जमिनीपासून फूटभर वर. गिरेबाज (उडवण्यासाठी पाळतात ती कबुतरं) उडवायचे असतील तर वर छत्री, म्हणजे उतरून बसायची चौकट, आणि आत यायला बॉब-तारांचं, म्हणजे फक्त आत ढकलल्या जाणाऱ्या लोंबत्या तारांचं, दार हवं. ते या तयार पिंजऱ्याला बसवताच येत नाही, दारं फक्त नऊ इंचांची आणि वर उचलायची आहेत.

आता ज्या कामाला तो चालतो, त्या कामासाठी तो विकत घेताना काय पाहायचं.

पहिली गोष्ट तारेची. दोन प्रकार मिळतात: पावडर कोटिंगचा काळा किंवा पांढरा, आणि नुसता गॅल्व्हनाइज्ड चंदेरी. पावडर कोटिंग दिसायला चांगलं, पण जोडांवर पातळ असतं आणि दोन पावसाळ्यांत तिथूनच गंज फुटतो. चंदेरी जास्त टिकतो. त्याची खोड वेगळी: नव्या तारेवर जस्ताचे बारीक लोंबणारे थेंब आणि पांढरी भुकटी असते. पक्षी ती टोचून खातो आणि जस्ताची विषबाधा होते. म्हणून नवा पिंजरा आला की ताठ ब्रशला व्हिनेगर लावून प्रत्येक तार घासायची, थेंब पक्कडने खुडायचे, भरपूर पाण्याने धुवायचा आणि उन्हात वाळवायचा. हे काम तासाभराचं आहे. ते टाळून पक्षी आत सोडू नये.

दुसरी गोष्ट फटींची. उभ्या तारांमधलं अंतर बहुतेक ठिकाणी एक इंच असतं. कबुतर त्यातून जात नाही, पण उंदराचं पिल्लू सहज जातं, चिमणी जाते आणि मांजराचा पंजा मनगटापर्यंत आत येतो. रात्री घाबरलेलं कबुतर तारेला चिकटून बसतं आणि मांजर बाहेरून त्याचा पाय ओढतं. अशा जखमा आम्हाला वाटतं मांज्याखालोखाल सगळ्यात जास्त होतात. उपाय स्वस्त आहे: अर्ध्या इंचाची चौकोनी वेल्डेड जाळी रोलमधून कापून चारही बाजूंनी बाहेरून तारेने बांधायची. षटकोनी ‘कोंबडी जाळी’ नको. ती मऊ असते, उंदीर कुरतडून वाकवतो. गावाकडे ढाबळीत धामण अंड्यांसाठी येते, तिलाही अर्ध्या इंचाचीच जाळी अडवते.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तळाची. पिंजऱ्याला तळाशी तारेची जाळी असते, विष्ठा खालच्या ट्रेमध्ये पडावी म्हणून. कोंबडीच्या पिंजऱ्यातून ही कल्पना जशीच्या तशी उचलली आहे. निरोगी कबुतर दिवसभर दांडीवर बसतं, त्याला याचा त्रास कमी. आजारी पक्षी मात्र खालीच बसून राहतो. त्याच्या तळपायाला तार रुतते, कातडी जाड होते, मग फुटते आणि आत पू धरतो. पाय मोडलेल्या पक्ष्याचं बोट तारेत अडकलं तर तो फडफडून दुसरं हाड मोडून घेतो. म्हणून तळाच्या जाळीवर मापाची फळी किंवा जुनं रबरी पायपुसणं टाकावं, वर दुमडलेलं वर्तमानपत्र आणि त्यावर पेपर टॉवेल. गुळगुळीत प्लास्टिक किंवा चकचकीत मासिकाचा कागद नको, पाय घसरतो. लाकडाचा भुसाही जखमी पक्ष्याखाली नको. तो जखमेत चिकटतो आणि विष्ठेचा रंग दिसत नाही. रोज पहिलं काम म्हणजे विष्ठा पाहणं. तपकिरी गोळी आणि वर पांढरी टोपी असेल तर ठीक. गडद हिरवी आणि पातळ असेल तर पक्ष्याच्या पोटात काही गेलेलं नाही, किंवा आजार आहे.

सोबतच्या गोल दांड्या काढून टाका. पोपट दांडी मुठीत धरतो. कबुतर सपाटावर उभं राहतं. दीड-दोन इंच रुंदीची लाकडी पट्टी, जमिनीपासून फक्त चार इंचांवर, एवढंच पुरे. ज्याचा पंख बांधला आहे त्याला तीही नको. त्याऐवजी एक वीट कापडात गुंडाळून ठेवावी, तो तिच्यावर चढून बसतो.

वाट्यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. दाण्याची वाटी चालते, पाण्याची नाही. कबुतर चोच बुडवून पाणी ओढून पितं, त्यामुळे भांड्यात किमान एक इंच पाणी उभं पाहिजे. संचातली वाटी उथळ आहे आणि पक्षी तिच्या काठावर उभा राहून तिच्यातच विष्ठा करतो. त्याऐवजी पोल्ट्रीच्या दुकानात मिळणारं एक लिटरचं उलटं फाउंटन घ्यावं. कोंबड्यांसाठीचे निपल (चोच लावली की थेंब सोडणाऱ्या तोट्या) मात्र कबुतराच्या कामाचे नाहीत. पाणी रोज बदलायचं, भांडं आतून घासायचं. तोंडात पिवळे चिकट थर धरणारा कॅन्कर मुख्यतः एकाच भांड्यातल्या पाण्यातून पसरतो, म्हणून आजारी खणाचं भांडं ढाबळीत कधीही जाऊ नये.

दाण्याच्या पिशवीवर ‘प्रीमियम मिक्स’ लिहिलेलं असतं. ओतून पाहिलं तर निम्म्याहून जास्त बाजरी, थोडी ज्वारी, रंगाला मक्याचे चार दाणे. डाळवर्गातला दाणा नावालाच. याने पोट भरतं, पण पिल्लं वाढवणाऱ्या जोडीला आणि जखम भरून काढणाऱ्या पक्ष्याला प्रथिनं कमी पडतात. धान्याच्या दुकानातून स्वतः मिसळणं स्वस्तही पडतं. दहा किलोसाठी ज्वारी ३ किलो, बाजरी २ किलो, गहू २ किलो, बारीक मका १ किलो, वाटाणा आणि मूग मिळून दीड किलो, करडई अर्धा किलो. पिल्लं असताना ज्वारी एक किलोने कमी करून वाटाणा-मूग तितका वाढवायचा. एका पक्ष्याला दिवसाला ३० ते ३५ ग्रॅम, दोन वेळा मिळून. वीस मिनिटांत जे उरेल ते उचलायचं, नाहीतर रात्री उंदीर येतातच. पावसाळ्यात मका नाकाशी धरून पाहावा: कोंदट वास, टोकाला काळसर-हिरवी बुरशी असेल तर सगळी गोणी टाकून द्यावी. बुरशीचं विष उन्हात वाळवून जात नाही, आणि यकृत खराब झालेला पक्षी वरून बराच काळ धडधाकट दिसतो.

लाल ग्रिटची परीक्षा स्वयंपाकघरात होते. चमचाभर ग्रिटवर लिंबाचा रस पिळा. शिंपल्याचा किंवा संगमरवराचा चुरा असेल तर बुडबुडे येतात. नुसतीच विटेची भुकटी आणि प्लॅस्टर असेल तर काहीच होत नाही. मग दुसरा चमचा ग्लासभर पाण्यात टाका. पाणी लालभडक होऊन तळाला खडे उरले नाहीत तर तो रंगवलेला मातीचा गोळा आहे. पोल्ट्रीच्या खाद्याच्या दुकानात शिंपल्याचा चुरा सुटा मिळतो. त्याचे पाच भाग, ज्वारीच्या दाण्याएवढ्या दगडी खड्यांचे तीन भाग, कोळशाचे तुकडे एक भाग, विटेचे तुकडे एक भाग आणि किलोला दोन चमचे मीठ, एवढ्यात काम होतं. शिंपला अंड्याच्या कवचासाठी, दगडी खडा पोटात दाणा दळण्यासाठी. एकाने दुसऱ्याचं काम होत नाही. मीठ वेगळं ढीगभर ठेवू नये.

औषधांच्या थैलीला आमचा पूर्ण नकार आहे. त्यात सहसा एक पिवळी प्रतिजैविकाची पूड, एक ‘रक्ती हगवणीचं’ पाकीट, एक जीवनसत्त्वाची बाटली आणि कधीकधी लसीची कुपी असते. पिवळ्या पुडीवर घटक लिहिलेला नसेल तर तिचा प्रश्नच मिटला. हगवणीच्या पाकिटात बहुधा २० टक्के ॲम्प्रोलियम असतं. औषध चांगलं आहे, पण ते हगवण आणणाऱ्या आतड्यातल्या परजीवीला बी-१ जीवनसत्त्व मिळू न देऊन काम करतं. माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की सोबत जीवनसत्त्वाची बाटलीही पाण्यात घालावी, आणि तिच्यात बी-१ असतं. म्हणजे एका हाताने द्यायचं आणि दुसऱ्याने काढून घ्यायचं. जीवनसत्त्व द्यायचं तर औषधाचे दिवस संपल्यावर.

लसीची कुपी तर हसण्यावारी नेण्यासारखीही नाही. राणीखेत, म्हणजे मानमोडी, हिच्यावरची जिवंत लस २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते. कुरिअरच्या खोक्यातून चार दिवस फिरलेली कुपी म्हणजे पाणी. कबुतरांमधल्या मानमोडीच्या विषाणूवर कोंबड्यांची जिवंत लस तशीही कमकुवत पडते. पशुवैद्य कातडीखाली टोचायची मृत लस सुचवतात आणि ती निरोगी थव्याला आजार येण्याआधी द्यायची असते. मान वाकडी झालेल्या पक्ष्याला लस देऊन उपयोग नाही. त्याला लागतं ते निवांत, अंधुक खण, खोल भांड्यात दाणा आणि हाताने भरवणं, कारण तो चोच मारतो एकीकडे आणि दाणा असतो दुसरीकडे. कित्येक पक्षी काही आठवड्यांत सावरतात. मान वाकडी दिसली की ‘वाचणार नाही’ म्हणून टाकून देणारे लोक पाहिले की वाईट वाटतं.

थैलीऐवजी त्याच पैशांत या वस्तू घ्याव्यात: एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला काटा, सलाइनची अर्ध्या लिटरची बाटली, पोव्हिडोन आयोडीन, निर्जंतुक गॉझ, स्वतःलाच चिकटणारं दोन इंची कोहेसिव्ह बँडेज, मायक्रोपोर टेप, बाकदार टोकाची लहान कात्री, १० आणि २० मिलीच्या सिरिंज आणि एन-९५ मास्क. यातला काटा सगळ्यात मोलाचा. साधं कबुतर ३०० ते ३५० ग्रॅमचं असतं. पिसांमुळे ते डोळ्यांना कायम गुबगुबीत दिसतं. वजन रोज सकाळी दाण्याआधी घेतलं तरच खरं कळतं. दहा टक्के घट म्हणजे आज दवाखाना. छातीचं मधलं हाड सुरीसारखं हाताला लागत असेल तर हाताने भरवण्यावाचून गत्यंतर नाही.

आता खालच्या मजल्याचा दवाखाना कसा करायचा. वरचा मजला नव्याने आणलेल्या पक्ष्याला ३० दिवस वेगळं ठेवण्यासाठी वापरता येतो. मात्र आजारी पक्षी आणि नवा पक्षी एकाच वेळी दोन मजल्यांवर नकोत, वरची पिसं आणि धूळ खाली पडतेच. पिंजऱ्याच्या तीन बाजू आणि छत जाड सुती कापडाने झाका, समोरची बाजू अर्धी उघडी. एका टोकाला बाहेरून ४० वॅटचा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब लावा. एलईडी बल्ब ऊब देत नाही, त्यात अनेक जण फसतात. पक्ष्याच्या उंचीवर थर्मामीटर ठेवून उबेकडचं टोक २८ ते ३० अंशांवर आणायचं आणि दुसरं टोक गार ठेवायचं, म्हणजे पक्षी स्वतः जागा निवडतो. चोच उघडी टाकून धापा टाकत असेल तर ऊब जास्त झाली. बल्बची तार आणि होल्डर कापडाला टेकता कामा नये. पावसाळ्यात सगळ्यावरून मच्छरदाणी हवीच: डोळ्यांभोवती आणि चोचीच्या मुळाशी फोड आणणारी देवी डासांमधून पसरते, आणि हा तयार पिंजरा डासांना चारही बाजूंनी मोकळा आहे.

जखमी पक्षी आला की पहिला अर्धा-पाऊण तास त्याला खायला-प्यायला काहीही देऊ नये. फक्त ऊब, अंधार, शांतता. गार पडलेल्या पक्ष्याच्या गळ्याच्या पिशवीत ओतलेलं पाणी पुढे सरकत नाही. चोचीत ड्रॉपरने पाणी सोडणं तर सर्रास चालतं आणि त्याने बरी झाली असती अशी कबुतरं दगावतात. जिभेच्या मागेच श्वासनळीचं भोक उघडं असतं, पाणी थेट तिथे जातं. सावध झालेल्या पक्ष्याची चोच कोमट पाण्याच्या वाटीत टोकापुरती बुडवा, नाकपुड्या बुडू देऊ नका. तहान असेल तर तो स्वतः ओढून घेतो.

मांज्याची जखम बहुतेक वेळा पंखाच्या पुढच्या कडेच्या पातळ पडद्यावर असते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉन मांज्यावर देशभर बंदी घातली, तरी येवल्यापासून मुंबईपर्यंत जानेवारीत तो मिळतोच. रक्त वाहत असेल तर गॉझ पाच ते दहा मिनिटं दाबून धरा, मध्ये उचलून बघू नका. मग सलाइनने धुवा. आयोडीन पाण्यात इतकं विरळ करा की रंग फिक्या चहासारखा दिसेल. हळद, तूप, तेल, मलम काहीही नको. तेलकट पिसं ऊब धरत नाहीत आणि हळदीच्या थराखाली जखम दिसत नाही. गुंडाळलेला मांजा ओढायचा नाही, बाकदार कात्रीने तुकडे करत काढायचा. पायाला जुना दोरा आवळून कातडीत गेला असेल तर आधी पाय कोमट पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवावा. फाटलेला पडदा सुकून आक्रसण्याआधी टाके पडले तरच पंख पूर्ण उघडतो, म्हणून त्याच दिवशी पशुवैद्य गाठायचा. मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे. मांजराने धरलेला पक्षी वरून साधा ओरखडा दिसला तरी २४ तासांच्या आत प्रतिजैविक सुरू व्हायला हवं. दाताचं भोक टाचणीएवढं असतं आणि आतला संसर्ग दोन दिवसांत जीव घेतो. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या अंदाजाने देऊ नयेत.

मोडलेला पंख बांधताना होणारी चूक नेहमीची आहे. पट्टी छातीभोवती घट्ट आवळली जाते. पक्ष्याला आपल्यासारखा छाती आणि पोटामधला श्वासपटल नाही, छातीचं हाड पुढे-मागे हलूनच त्याचा श्वास चालतो. ते बांधलं की तो गुदमरतो. मिटलेला पंख इंग्रजी आठच्या आकाराच्या वेढ्यांनी त्याच्या त्याच्यात बांधावा. खांद्याजवळचं हाड मोडलं असेल तेव्हाच एक सैल वेढा अंगाभोवती, पायांच्या पुढून, आणि त्याखाली करंगळी सहज सरकली पाहिजे. दोन ते तीन आठवड्यांत हाड धरतं. त्याहून जास्त काळ पट्टी ठेवली की सांधा आखडतो आणि हाड जुळूनही पक्षी उडत नाही. आणि एक: जखमेची खूण नसताना पंख लोंबतोय, कोपराचा सांधा सुजून गरम लागतोय, असं असेल तर ती मार लागल्याची नव्हे, साल्मोनेला या जंतूची खूण असू शकते. असा पक्षी बांधून ठेवण्याऐवजी विष्ठेची तपासणी करून घ्यावी आणि त्याला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत, कारण तो जंतू माणसालाही लागतो.

न खाणाऱ्या मोठ्या कबुतराला भरवायची सगळ्यात सोपी वस्तू म्हणजे गोठवलेले हिरवे वाटाणे. कोमट पाण्यात सोडून मऊ आणि अंगाइतके उबदार करायचे, चोच बाजूने उघडून एकेक वाटाणा जिभेच्या मागे सरकवायचा, तो गिळला की पुढचा. एका वेळी ३० ते ४०, दिवसातून दोनदा. पुढच्या वेळेआधी गळ्याची पिशवी बोटांनी चाचपायची. मागचं तसंच पिठूळ पडून असेल तर थांबायचं. नळीने पातळ अन्न देणं शिकून घेतल्याशिवाय करू नये; करायचंच तर पहिल्यांदा वजनाच्या पाच टक्क्यांहून जास्त नको, म्हणजे ३०० ग्रॅमच्या पक्ष्याला १५ मिली, आणि नळी पक्ष्याच्या चोचीच्या डाव्या कडेतून घालून उजवीकडे वळवायची, कारण अन्ननलिका त्या बाजूला आहे.

हा पिंजरा कबुतरासाठीच. घार, घुबड, शिक्रा, पोपट असा रानपक्षी सापडला तर खोक्यात ठेवून वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवावं. घरी ठेवून बरं करणं हा कायद्याने गुन्हा ठरतो. एकाच वेळी बरेच पक्षी पटापट मरू लागले तर हात न लावता पशुसंवर्धन विभागाला १९६२ वर सांगावं. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हापासून ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही.

शेजाऱ्यांचाही विचार करावा लागतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेल्यापासून सोसायट्यांमध्ये गच्चीवर दोन जोड्या दिसल्या तरी अर्ज जातो. विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीने फुप्फुसाला खरोखर कायमची इजा होऊ शकते, त्यामुळे तक्रार अगदीच खोटी नसते. या पिंजऱ्याचा ट्रे इथे कामाला येतो: आधी पाण्याचा फवारा मारायचा, मग ओली विष्ठा रंगाऱ्याच्या लांबी (पुट्टी) लावायच्या पट्टीने खरवडून पिशवीत बांधायची. कोरडं झाडणं बंद. मास्क लावूनच. आणि बाहेरच्या कबुतरांना दाणा टाकायचा नाही, त्यांच्याबरोबर पिसवा, माश्या आणि कॅन्करही येतो.

पिंजऱ्याची मर्यादा शेवटच्या टप्प्यात पुन्हा आडवी येते. बऱ्या झालेल्या रानटी कबुतराला सोडण्याआधी ते सरळ वर उठून उडतं का, हे बघायला हवं. तीन फुटांत ते कळत नाही. आठवडाभर मोठ्या ढाबळीच्या वेगळ्या खणात किंवा पंखा बंद करून, आरशावर कापड टाकून बंद खोलीत उडवून बघावं. पंख लोंबकळत असेल, चार फूट उडून खाली बसत असेल, तर तो सोडायचा नाही.

विकत घेताना दुमजलीच घ्यावा, तीन मजली नको. तो डुगडुगतो आणि मधल्या मजल्याला उजेड मिळत नाही. चाकं असतील तर कुलूप लागणारी हवीत. दुकानदाराकडे ट्रे सुटा मिळतो का ते विचारून दोन जादा घेऊन ठेवा, कारण पहिल्यांदा फुटतो तो ट्रेच. एक पक्षी गेला आणि दुसरा यायचा असेल तर आधी साबणाच्या पाण्याने सगळी विष्ठा निघेपर्यंत घासा, मग एका भागाला तीस भाग पाणी असं ब्लीच दहा मिनिटं लावून ठेवा, धुवा आणि दिवसभर कडक उन्हात टाका. घाणीवर ओतलेलं ब्लीच जंतू मारत नाही, आणि ते फरशी पुसायच्या ॲसिडमध्ये तर चुकूनही मिसळू नये. फळी आणि पायपुसणं लाकडी-रबरी असल्यामुळे ती नीट निर्जंतुक होत नाहीत. कॅन्कर किंवा देवीचा पक्षी राहून गेला असेल तर ती टाकून नवी घालावीत.